द्वेषाचे कारण आणि द्वेषाची जबाबदारी

श्रीमद्भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कर्मयोगाचे विवेचन चालू असता अर्जुन मध्येच एक प्रश्न विचारतो. मनुष्याची स्वतःची इच्छा नसतानाही, कोणी बळेच ढकलावे तसा, तो पापाकडे जातो; तर हा ढकलणारा आहे तरी कोण? प्रश्न सरळ दिसतो. परंतु त्यात एक पळवाट आहे, आणि ती अर्जुनाला नको असली तरी आपणांस पुष्कळदा हवी असते. ढकलणारा दुसरा कोणी आहे असे एकदा ठरले, की ढकलला गेलेला मनुष्य आपोआप निर्दोष होतो.

भगवंतांनी ही पळवाट मोकळी ठेवली नाही. काम आणि क्रोध, दोन्ही रजोगुणापासून उपजलेले, हेच ते ढकलणारे, असे त्यांनी सांगितले. म्हणजे शत्रू आहे खरा, पण तो वेशीबाहेर तळ देऊन बसलेला नाही. इंद्रिये, मन आणि बुद्धी ही त्याची वसतिस्थाने आहेत.

हा प्रश्न एकेका व्यक्तीपुरता होता तोपर्यंत त्याची चर्चा साधकांनी केली. गेल्या शंभर वर्षांत त्याला सामाजिक रूप आले. एका जमातीस दुसऱ्या जमातीविषयी तिटकारा कां वाटतो, ज्याला कधी पाहिले नाही त्याच्याविषयी मत आधीच कसे बनून राहते, शेजारी म्हणून सुखाने नांदणारे लोक एका दिवसात वैरी कसे होतात, या गोष्टींचा शोध मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी चिकाटीने घेतला आहे. त्यांचे निष्कर्ष गीतेच्या वाचकाने अवश्य समजून घ्यावेत. परंतु ते समजून घेताना एक शंका येते, आणि तिच्याच विचारासाठी हा लेख आहे. ताप जसा रोगजंतूंमुळे येतो, तसा पूर्वग्रह जर मनाच्या ठराविक नियमांनी उत्पन्न होत असेल, तर तापलेल्या मनुष्याला आपण दोष देत नाही तसा द्वेष करणाऱ्यालाही देऊ नये काय? कारण कळले म्हणजे अपराध सुटला काय?

अशी शंका हवेत सोडविता येत नाही. म्हणून एक घडलेली गोष्ट समोर ठेवतो. ती दूरची नाही, आपल्याच घरची आहे.

दिल्लीत कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटच्या बाजूस एक प्रशस्त रस्ता जातो. इंग्रजी अमदानीत त्याचे नाव कर्झन रोड होते. स्वतंत्र भारताने त्याला कस्तुरबा गांधी मार्ग म्हटले. या मार्गावर २०१३ च्या जून महिन्यात नवे महाराष्ट्र सदन सुरू झाले. कामासाठी दिल्लीस गेलेल्या मराठी मनुष्याला परमुलखात आपले घर वाटावे, आपल्या भाषेचा शब्द कानी पडावा, आपल्या चवीचे दोन घास मिळावेत, हा अशा वास्तूमागील हेतू. दुसऱ्या वर्षी, १७ जुलै २०१४ रोजी, महाराष्ट्रातून निवडून गेलेले काही खासदार तेथील भोजनाच्या आणि एकंदर व्यवस्थेच्या तक्रारी घेऊन उपाहारगृहात गेले. शब्दाने शब्द वाढला. तेव्हा त्यांच्यापैकी एकाने, ही पोळी तूच खाऊन पाहा या भावाने, ती पोळी तेथील व्यवस्था पाहणाऱ्या एका सेवकाच्या तोंडात बळेच कोंबण्याचा प्रयत्न केला. तो रमजानचा महिना होता. तो सेवक मुसलमान होता आणि त्याला उपवास होता. काही दिवसांनी या प्रसंगाचे चित्रण सर्व देशाने पाहिले, लोकसभेत गदारोळ झाला. संबंधित सभासदाने खेद व्यक्त केला आणि तो सेवक कोणत्या धर्माचा आहे हे आपणांस ठाऊक नव्हते असे सांगितले. नावे येथे मुद्दाम देत नाही. ती त्या वेळच्या वृत्तपत्रांत आहेत, आणि आपल्या विचारास त्यांची गरज नाही; उलट नाव आले की वाचकाचे मन लगेच बाजू घेऊ लागते.

आता या प्रसंगाकडे मानसशास्त्राच्या डोळ्यांनी पाहू. १९३९ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या काही विद्वानांनी असे प्रतिपादन केले, की मनुष्याच्या इच्छेला अडथळा आला म्हणजे त्यातून आक्रमकता जन्मते. आणि अडथळा आणणारा आवाक्याबाहेर असला, तर ती आक्रमकता जवळच्या आणि दुबळ्या मनुष्यावर उतरते. ‘वड्याचे तेल वांग्यावर’ ही म्हण ज्या समाजात आहे त्याला हा सिद्धांत नवा वाटणार नाही. पुढील संशोधकांनी त्यात दुरुस्त्या केल्या, प्रत्येक निराशेतून हल्ला होतोच असे नाही हे दाखविले. तथापि मूळ निरीक्षण टिकून राहिले. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील, विषयांच्या चिंतनापासून बुद्धिनाशापर्यंतची पायऱ्यांची उतरंड आठवावी. इच्छा अडली, क्रोध आला, क्रोधातून संमोह, आणि संमोहात स्मृतीच सुटली. सदनातील त्या क्षणी नेमके काय विसरले गेले? समोर उभा असलेला एक मनुष्य आहे, ही गोष्ट विसरली गेली. त्याने अन्नाचे कंत्राट घेतले नव्हते, धोरण ठरविले नव्हते. राग ‘व्यवस्थे’वर होता. व्यवस्थेला तोंड नसते, म्हणून ज्याला तोंड होते त्याच्या तोंडाशी ती पोळी गेली.

‘मला त्याचा धर्म ठाऊक नव्हता’ हे उत्तर आपण खरे मानून चालू. ते खोटे मानण्याचा आपणांस अधिकार नाही. पण ते खरे मानल्याने दोष कोठे जातो? तो सेवक हिंदू असता आणि त्या दिवशी एकादशी असती तर? अथवा उपवासच नसता, नुसती भूक नसती तर? दुसऱ्याच्या मुखात बळेच घास घालणे हा अन्नाचाही अपमान आहे आणि मनुष्याचाही. धर्म ठाऊक नव्हता, इतकेच नव्हे, तर त्या सेवकाविषयी काहीच ठाऊक नव्हते, आणि जाणून घ्यावेसेही वाटले नाही, ही खरी गोष्ट आहे. माझ्या मते पूर्वग्रहाचे अत्यंत व्यापक रूप हेच होय. विशिष्ट धर्माविषयीचा आकस निदान चर्चेत तरी येतो. वाढपी, हमाल, मोलकरीण, द्वारपाल यांना चेहरा नसतोच असे धरून चालणारी सवय चर्चेतही येत नाही.

पुढे जे घडले तेही तितकेच शिकण्याजोगे होते. चित्रण दिसताच कित्येकांनी म्हटले, पाहा, तो सगळा पक्ष असाच. कित्येकांनी म्हटले, मराठी माणसे अशीच. याला उत्तर म्हणून दुसऱ्या बाजूने आणखी कोणत्या तरी समाजाचे दोष बाहेर काढले गेले. एका हाताच्या कृतीवरून लक्षावधींचा निवाडा झाला. आणि निवाडा करणाऱ्यांपैकी प्रत्येक जण आपण पूर्वग्रहाच्या विरुद्ध लढत आहोत असे समजत होता.

गीतेच्या अठराव्या अध्यायात ज्ञानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांतील तामस ज्ञानाचे लक्षण बाविसाव्या श्लोकात आहे. एखाद्या एकाच गोष्टीला, तीच जणू सर्व काही आहे असे मानून, कारण नसता चिकटून राहणारे, तत्त्वाला न पोचणारे, अल्प असे ते ज्ञान. टीकाकारांनी याचा अर्थ एखाद्या देहात किंवा मूर्तीतच सर्व परमार्थ कोंडून ठेवण्याच्या संदर्भात लाविला आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु त्या लक्षणात सामाजिक पूर्वग्रहाचीही अचूक व्याख्या सापडते, असे मला नम्रपणे वाटते. एक मनुष्य पाहिला आणि जमात कळली असे मानले. जमातीचे नाव ऐकले आणि मनुष्य कळला असे मानले. दोन्ही वेळा अंशाला पूर्णाचे मोल दिले. लक्षात घेण्यासारखे हे, की भगवंत याला अज्ञान म्हणत नाहीत, तामस ‘ज्ञान’ म्हणतात. ज्याला पूर्वग्रह असतो त्याला आपणांस काही ठाऊक नाही असे कधीच वाटत नाही. त्याला वाटते, आपणांस पक्के ठाऊक आहे.

हे चिकटणे मनात किती खोल असते, याचे प्रमाण १९७० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मिळाले. प्रयोग करणारे हेन्री ताजफेल हे पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू होते. दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनांच्या बंदिवासात राहिले आणि परत आले तेव्हा त्यांचे आप्त नाहीसे झाले होते. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांना त्यांनी दोन गटांत विभागले. विभागणीचे कारण अगदी क्षुल्लक सांगितले: क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांपैकी तुला कोणाची चित्रे आवडली? वास्तविक हीही विभागणी यदृच्छेने केलेली होती. गटात कोण कोण आहे हे मुलांना माहीत नव्हते, जुने वैर नव्हते, स्वतःला काही मिळणार नव्हते. तरी दुसऱ्यांना पैसे वाटण्याची वेळ येताच मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. इतकेच नव्हे, तर आपल्या गटाला जास्तीत जास्त मिळण्यापेक्षा, दोन गटांत अंतर जास्त राहावे, याकडे पुष्कळांचा कल दिसला. स्वतःच्या गटाला दोन पैसे कमी आले तरी चालतील, पण ‘त्यांना’ आपल्याहून बरेच कमी मिळाले पाहिजेत!

गीतेचा पहिला श्लोक धृतराष्ट्राच्या मुखी आहे, आणि त्यात तो आंधळा राजा आपल्या मुलांना ‘माझे’ म्हणतो आणि भावाच्या मुलांना पांडूचे. एकाच घरात वाढलेली, एकाच गुरूपाशी शिकलेली ती मुले. अठरा अक्षौहिणींचा संहार त्या एका विभागणीतून झाला, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त होणार नाही. ताजफेल यांना ब्रिस्टलच्या वर्गात जे दिसले त्याचा उच्चार कुरुक्षेत्रावर पहिल्याच वाक्यात झालेला आहे.

तर मग मूळ शंका आणखी बळावते. ‘माझे आणि त्यांचे’ ही रेघ जर इतक्या सहज ओढली जात असेल, तर ती ओढणाऱ्या मनाचा काय अपराध? गीतेतही एक वचन असे आहे की जे वरवर पाहता याच बाजूचे वाटते. तिसऱ्या अध्यायाच्या तेहेतिसाव्या श्लोकात भगवंत म्हणतात, ज्ञानी मनुष्यसुद्धा आपल्या प्रकृतीला अनुसरून वागतो, भूतमात्र प्रकृतीच्या मागे जाते, तेथे निग्रह काय करणार? कित्येक जण येथेच पुस्तक मिटतात. परंतु लगेच पुढचा श्लोक आहे. इंद्रियाचे आपापल्या विषयाविषयी राग आणि द्वेष ठरलेले आहेत. मनुष्याने त्यांच्या ताब्यात जाऊ नये, कारण ते त्याचे वाटमारे आहेत. हे दोन श्लोक मिळूनच एक विचार होतो. रागद्वेष उत्पन्न होऊ देऊ नकोस, असे भगवंत म्हणत नाहीत; ते तर ठरलेलेच आहेत. त्यांच्या ताब्यात जाऊ नकोस, एवढेच म्हणतात. वृत्तीचे उठणे प्रकृतीकडे, आणि तिला मान डोलाविणे मनुष्याकडे. जबाबदारीची सीमा या दोन श्लोकांच्या मधोमध आहे.

मौजेची गोष्ट अशी, की आधुनिक संशोधनही याच जागी येऊन पोचले. १९८९ साली अमेरिकेतील पॅट्रिशिया डिव्हाइन या विदुषीने असे दाखविले, की समाजात रूढ असलेल्या हीन कल्पना ज्यांना पूर्वग्रह आहे त्यांना माहीत असतात, आणि ज्यांना नाही त्यांनाही तितक्याच माहीत असतात. योग्य निमित्त मिळताच दोघांच्याही मनात त्या आपसूक जाग्या होतात. भेद पडतो तो पुढच्या क्षणी. एक जण त्या कल्पनेला आपले मत म्हणून स्वीकारतो, दुसरा तिला ओळखतो, अडवितो आणि तिच्या जागी आपली खरी श्रद्धा आणतो. दारात कोणीतरी आले म्हणजे घर त्याचे होत नाही. त्याला पाट मांडला तर होते.

म्हणून मानसशास्त्राने दिलेले कारण क्षमापत्र ठरू शकत नाही. उलट ते आपली जबाबदारी वाढविते असे मला वाटते. निराशेच्या वेळी आपला हात दुबळ्यावर उठतो हे ज्याला ठाऊक नव्हते त्याला थोडी सवलत देता येईल. ज्याला ठाऊक झाले त्याने निराशेच्या वेळी आपल्या हाताकडे पाहिले पाहिजे.

येथपर्यंत विचार सोपा होता. आता त्याचा अवघड भाग येतो, आणि त्यासाठी ज्या माउलीचे नाव त्या मार्गाला दिले आहे तिच्याच चरित्राकडे वळावे लागते. कस्तुरबांचे चरित्र आपण बहुधा पतिव्रतेचे आणि त्यागाचे म्हणून वाचतो. पूर्वग्रहाशी झगडणाऱ्या एका सामान्य गृहिणीचे चरित्र म्हणून ते फारसे वाचले जात नाही, आणि मला तर तोच त्यातील थोर भाग वाटतो.

गांधीजींनी आपल्या आत्मकथेत दरबान येथील एक प्रसंग स्वतःचा दोष न लपविता सांगितला आहे. १८९८ च्या सुमाराची गोष्ट. त्यांच्या घरी कारकून राहात. खोल्यांतून मोरीची सोय नसल्यामुळे लघवीची भांडी उचलावी लागत. एक कारकून ख्रिस्ती होता, अस्पृश्य मानलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेला. त्याचे भांडे उचलणे कस्तुरबांना असह्य झाले. त्यांनी ते उचलले, पण डोळ्यांतून पाणी वाहात होते. गांधीजींना तेवढे पुरले नाही. ते काम आनंदाने झाले पाहिजे असा त्यांचा आग्रह. रागाच्या भरात त्यांनी पत्नीचा हात धरून तिला फाटकापर्यंत ओढीत नेले. परमुलखात मी जाऊ कोठे, थोडी तरी लाज धरा, अशा अर्थाचे त्या बोलल्या तेव्हा ते भानावर आले.

वाचकांनी या चित्राकडे जरा वेळ पाहावे. येथे समतेच्या बाजूने कोण आहे आणि सोवळ्याच्या बाजूने कोण आहे, हे स्पष्ट आहे. पण हात कोणाचा उठला? तत्त्व कितीही शुद्ध असले तरी ते क्रोधाच्या हाती गेले म्हणजे समोरचा मनुष्य दिसेनासा होतो. पूर्वग्रहाचा तिटकारा करताना पूर्वग्रह असलेल्या मनुष्याचाच तिटकारा करू लागणे, हा सुधारकाचा ठरलेला रोग. २०१४ मध्ये त्या चित्रणावर तुटून पडलेल्या पुष्कळांना तो झालेला होता. मलाही झालेला होता, हे कबूल करतो.

पुढे १९१५ साली अहमदाबादेजवळ कोचरब येथे आश्रम सुरू झाल्यावर काही महिन्यांतच अंत्यज मानलेले एक कुटुंब तेथे राहावयास आले: दूदाभाई, त्यांची पत्नी दानीबहेन आणि लहानगी लक्ष्मी. शहरातून येणारी पैशांची मदत बंद पडली. विहिरीवर मोट चालविणारा मनुष्य पाण्याचे शिंतोडे विटाळाचे म्हणून शिव्या देऊ लागला. गांधीजींनी सर्वांना सांगितले, शिव्या ऐकून घ्या आणि पाणी भरीत राहा. उलट उत्तर येत नाही असे पाहून तो मनुष्य लाजला आणि थांबला. आश्रमातही सर्व काही गोड नव्हते. दानीबहेनविषयी कस्तुरबांच्या मनात तुटकपणा होता, हे गांधीजींनी लपविलेले नाही. पण चूल आता एक झाली होती, आणि दिवस जात होते. लक्ष्मीला पुढे गांधीजींनी आपली कन्या मानले. ती आश्रमातच वाढली.

गोष्ट येथे संपविली असती तर ती कीर्तनात शोभली असती. परंतु सत्य याहून वेगळे आहे. १९३८ च्या मार्च महिन्यात ओरिसात डेलांग येथे गांधी सेवा संघाचे अधिवेशन होते. जवळच पुरीचे जगन्नाथाचे देवालय. ते त्या काळी हरिजनांना बंद होते. कस्तुरबा महादेवभाई देसाईंच्या पत्नीबरोबर तेथे दर्शनास गेल्या. गांधीजींना याचे अपार दुःख झाले. वीस-बावीस वर्षे आश्रमात काढलेली, अस्पृश्य मानलेल्या मुलीला घरात वाढताना पाहिलेली ही माउली जगन्नाथाच्या दारी आली आणि जुन्या भक्तीने आत गेली. दाराबाहेर कोणाला उभे केले आहे, हे त्या क्षणी तिच्या मनात आले नाही.

मी या प्रसंगाला हसत नाही आणि कस्तुरबांचा न्यायही करीत नाही. बुद्धीने मान्य केलेली गोष्ट पायांना आणि हातांना मान्य होण्यास किती काळ लागतो, त्याचे हे प्रमाण आहे. बुद्धीचा पालट एका व्याख्यानात होऊ शकतो. संस्कार हाडीमासी असतो. तो प्रसंगाची वाट पाहात बसतो. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, पुण्याच्या आगाखान महालात बंदिवासातच कस्तुरबांनी देह ठेवला. साऱ्या आयुष्यात त्यांना जे जड गेले ते त्यांनी सोडून दिले नाही, पुनःपुन्हा उचलले. माझ्या दृष्टीने त्या मार्गाला दिलेल्या नावाचे महत्त्व यात आहे.

मनाचा निग्रह वाऱ्यासारखा अवघड आहे असे सहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो, तेव्हा भगवंत ते नाकारीत नाहीत; अभ्यास आणि वैराग्य हे उपाय सांगतात. पूर्वग्रहाच्या बाबतीत अभ्यास म्हणजे काय? येथे मानसशास्त्राचे आपल्यावर खरोखर ऋण आहे. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन विद्वानाने १९५४ साली पूर्वग्रहाच्या स्वरूपावर ग्रंथ लिहिला. निरनिराळ्या समाजांतील माणसे नुसती एकत्र आली म्हणून मने जुळत नाहीत, असे त्यांनी सांगितले. त्या भेटीत दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, ते गाठण्यास सहकार्य हवे, आणि वडीलधाऱ्यांचा किंवा कायद्याचा पाठिंबा हवा. त्याच वर्षी मुझफर शेरीफ यांनी ओक्लाहोमातील एका शिबिरात बावीस मुलांचे दोन गट करून सामने लावले. वैर इतके पेटले की दोन्ही गटांना एका भोजनगृहात जेवावयास बसविताच ते एकमेकांवर अन्न फेकू लागले. एकत्र भोजनाने वैर गेले नाही. ते ओसरले केव्हा? शिबिराचे पाणी बंद पडले आणि सर्वांना मिळून दोष शोधावा लागला, मालमोटार अडली आणि सर्वांना मिळून दोर ओढावा लागला, तेव्हा. कोचरबच्या विहिरीवर आणि चुलीपाशी जे घडले ते याच जातीचे होते. फरक एवढाच, की तेथे कोणी प्रयोग मांडलेला नव्हता.

आपल्या देशातही असे पाहून झाले आहे. दिल्लीतील पुष्कळ खाजगी शाळांना २००७ पासून काही जागा गरीब घरच्या मुलांना द्याव्या लागल्या. त्यांच्याबरोबर एका बाकावर बसलेल्या श्रीमंत मुलांचे काय झाले, याचा गौतम राव यांनी केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला: ती मुले अधिक उदार झाली आणि गरीब मुलांना वगळण्याची त्यांची वृत्ती कमी झाली. उत्तर प्रदेशातील खेड्यांत मॅट लो यांनी निरनिराळ्या जातींच्या तरुणांचे क्रिकेटचे सामने भरविले. एका संघात मिळून खेळलेल्यांत परजातीचे मित्र वाढले. परजातीच्या संघाविरुद्ध खेळलेल्यांत तसे झाले नाही. वडीलधाऱ्यांनी जी भीती शाळेच्या वेळी व्यक्त केली होती, की संगतीने मुले बिघडतील, तिच्यापेक्षा हे उत्तर पुष्कळ बरे आहे.

आणि वैराग्य? आपला धर्म, आपली भाषा, आपले कूळ यांवरचे प्रेम सोडावे, असा त्याचा अर्थ मी करीत नाही. परमुलखात मराठी जेवण मिळावे ही इच्छा काही पाप नव्हे. ब्रिस्टलच्या मुलांनी आपल्या गटावर प्रेम केले यात वाईट नव्हते. अंतर राहावे म्हणून त्यांनी आपलाही तोटा सोसला, तेथे रोग होता. वैराग्य हवे ते त्या अंतराविषयी. सोळाव्या अध्यायातील आसुरी मनुष्य मी कुलीन आहे, माझ्यासारखा दुसरा कोण, असे म्हणतो. त्याला कूळ प्रिय आहे असे तेथे म्हटलेले नाही, त्याला दुसरा कोणी बरोबरीचा नको आहे.

महाराष्ट्रात याचे एक उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली. ज्या हाताने ती लिहिली त्याच हाताने पंधरा वर्षांनी, मे १९४७ मध्ये, पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार सर्वांना उघडावे म्हणून अन्न दूर सारले. वारकऱ्यांवर त्यांचे प्रेम थोडे नव्हते. पंढरीची थोरवी दुसऱ्याला बाहेर ठेवण्यात आहे, एवढी समजूत मात्र त्यांना नको होती.

घरी बसून आपण काय करावे, असे गृहस्थ विचारील. मी स्वतः काय केले तेवढेच सांगतो, आणि ते फार थोडे आहे. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक कान तुटलेला कप असे. भांडी घासावयास येणाऱ्या बाई त्यात चहा घेत, घेऊन झाला की स्वतःच विसळून पुन्हा खिडकीत पालथा घालीत. हा नियम कोणी केला होता हे घरात कोणालाच सांगता आले नसते. कोणाला द्वेष नव्हता. त्या बाईंच्या मुलीच्या लग्नात आम्ही आहेरही केला होता. सदनातील त्या प्रकारावर आम्ही जेवताना तावातावाने बोलत होतो, त्या वेळी तो कप खिडकीतच होता आणि त्या बाई मोरीवर भांडी घाशीत होत्या. धाकट्या मुलीने विचारले, मावशींचा कप बाहेर कां? कोणी उत्तर दिले नाही.

दुसऱ्या दिवशी पत्नीने तो कप टाकून दिला आणि चहा कपाटातल्या कपांतून दिला. बाई संकोचल्या, कप तसाच धरून उभ्या राहिल्या. मग पत्नीने आपला कप घेतला आणि त्यांच्याशेजारी पाटावर बसली. चार दिवसांत त्यांचा संकोच गेला. माझे तसे झाले नाही. सहाही कप सारखे, एकाच नक्षीचे; घासूनपुसून एका रांगेत मांडलेले. तरी सकाळी कपाट उघडले की त्यांपैकी कोणता कप काल त्यांच्या हाती होता, हे माझी नजर शोधीत राही. मी ते कोणाला बोललो नाही. हात पुढे करी आणि जो पहिला येईल तो उचली. असे किती महिने चालले ते आठवत नाही.